यादीतली नावे

शरणागतीचा कागद एका पानाचा आहे. १६ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर एक टेबल मांडले गेले आणि पाकिस्तानी लेफ्टनंट जनरल नियाझींनी त्या कागदावर सही केली. शेजारी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, मागे उभ्या अधिकाऱ्यांची दाटी. ते छायाचित्र आपल्या ओळखीचे आहे. दर डिसेंबरात वर्तमानपत्रे ते छापतात, आता मोबाइलवरही फिरते. टेबलावरचा कागद मात्र फार थोड्यांनी वाचला असेल. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात जिंकणाऱ्या सेनापतीने हरणाऱ्याला शब्द दिला आहे. शरण आलेल्यांना जिनीव्हा करारांनुसार सैनिकाला शोभेल अशी मानाची वागणूक मिळेल. परदेशी नागरिक, अल्पसंख्य जमाती आणि पश्चिम पाकिस्तानातून आलेले लोक यांचे रक्षण केले जाईल. हरणाऱ्याने शस्त्रे खाली ठेवली, आणि जिंकणाऱ्याने त्याच कागदावर आपले हात बांधून घेतले. लेखिकेने या पुस्तकात जो कायदा उलगडून दाखवला आहे तो असे हात बांधून घेण्याचा कायदा आहे.

मी कायद्याच्या वर्गावर बरीच वर्षे शिकवले. युद्धकायद्याच्या पहिल्या तासाला फळ्यावर दोन आकडे लिहायची माझी सवय होती: ९३,००० आणि १९५. पहिला आकडा लिहून होण्याआधीच निम्मे हात वर जात. बांगलादेश युद्धातले पाकिस्तानी कैदी, सर! दुसऱ्या आकड्याला वर्ग गप्प. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आले, “कलम असेल कुठलं तरी.” त्या मुलाला मी हसलो नाही, कारण पंचविशी उलटेपर्यंत मलाही तो आकडा ठाऊक नव्हता. ९३ हजार कैद्यांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवू, असे बांगलादेशाने एप्रिल १९७३ मध्ये जाहीर केले होते. प्रत्यक्षात एकही चालला नाही. लेखिकेने प्रस्तावनेसाठी विचारले तेव्हा मी सांगून टाकले की पुस्तकाचा सारांश माझ्याकडून होणार नाही. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेविषयी लिहीन. त्यांनी हसून मान्य केले. त्यामुळे पुढे जे एकांगी वाटेल त्याचा दोष माझा.

आधी शब्दांचा घोळ. ‘सिव्हिलियन’ला आपण सर्रास ‘नागरिक’ म्हणतो. पण जवान काय नागरिक नसतो? आणि ज्या निर्वासिताला कुठल्याच देशाचे नागरिकत्व नाही, तो या कायद्याच्या लेखी सिव्हिलियन असतोच. ‘निष्पाप’, ‘निरपराध’ हे बातम्यांतले शब्द त्याहून फसवे. कायदा कोणाच्या पोटातले पाप शोधत नाही. शत्रूच्या विजयासाठी रोज देवापुढे दिवा लावणारा, आपल्या सैन्याला तोंडावर शिव्या घालणारा म्हाताराही त्या कायद्याने सुरक्षित असतो. त्याने स्वतः लढाईत हात घातला नाही, एवढे पुरते. लेखिकेने ‘मुलकी’ हा जुना शब्द पुन्हा बाहेर काढला याचा मला मनापासून आनंद आहे. मुलकी आणि लष्करी ही जोडी आपल्या कारभाराच्या भाषेत मुरलेली आहे, आणि कायद्याला हवा असलेला भेद ती बिनचूक सांगते. ‘कॉम्बॅटन्ट’ला त्यांनी ‘लढाऊ’ म्हटले, ‘योद्धा’ टाळला. बरे केले. योद्धा म्हटले की डफावर थाप पडते आणि पोवाडा सुरू होतो. ‘अकाउंटेबिलिटी’साठी ‘उत्तरदायित्व’ हा सरकारी शब्द त्यांना नको होता. शेवटी ‘जाब’वर आमचे एकमत झाले. जबाबदारी या शब्दाच्या पोटात जबाब आहेच. जाब माणसाला विचारावा लागतो, आणि त्यासाठी त्या माणसाचे नाव ठाऊक असावे लागते. देशाला किंवा ‘परिस्थिती’ला जाब विचारणे म्हणजे कोणालाच न विचारणे.

लढाऊ माणसाला हा कायदा एक विलक्षण सवलत देतो. एरवी माणूस मारला की खून. शत्रूचा सैनिक रणात मारला तर खुनाचा खटला होत नाही. पकडला गेला तर तो गुन्हेगार ठरत नाही, युद्धकैदी ठरतो. त्याला कोंडायचे ते शिक्षा म्हणून नव्हे, पुन्हा लढायला जाऊ नये म्हणून. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराने या सवलतीच्या अटी घातल्या. नियमित सैन्याचा सैनिक असेल तर प्रश्न नाही. सैन्याबाहेरची टोळी असेल तर तिला जबाब देणारा वरिष्ठ हवा, दुरून ओळखू येईल अशी खूण हवी, हत्यार उघडपणे बाळगलेले हवे आणि युद्धाचे नियम पाळलेले हवेत. मुलकी माणसाशी सौदा उलटा. तू लढायचे नाहीस, आम्ही तुझ्यावर नेम धरणार नाही. तो लढाईत उतरला, तर उतरलेला असेपर्यंत हे कवच जाते. आणि पकडला गेला तर युद्धकैद्याचा मानही मिळत नाही. लढाईत उतरलेला असेपर्यंत कवच जाते, हा नियम १९७७ च्या पहिल्या जोड-करारात शब्दबद्ध झाला. भारताने तो जोड-करार स्वीकारलेला नाही, पण मुलकी माणसाला लक्ष्य करू नये हा मूळ दंडक रूढी म्हणून सगळ्यांवरच बंधनकारक आहे.

सवलतीला एक अस्तर आहे आणि वर्गात नेमके तेच निसटते. युद्धकैदी म्हणजे माफी मिळालेला माणूस नव्हे. रणात शत्रू मारल्याबद्दल त्याला जाब विचारता येत नाही. बांधलेल्या कैद्याला मारले, गावातल्या बायकांवर हात टाकला, तर युद्धकैदी असूनही त्याच्यावर खटला चालतो. खटल्यातही त्याचा मान आणि बचावाचा हक्क शाबूत राहतो. कवच आणि जाब एकाच कापडाचे आहेत.

या कायद्याचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात आहे. सोल्फेरिनोची १८५९ ची लढाई, तिथले जखमी पाहून हादरलेला आंरी द्युनां, अमेरिकी यादवीतली लीबरची १८६३ ची संहिता, १८६४ चा पहिला जिनीव्हा करार, मग हेग. ते वाचकाने तिथेच वाचावे. मी फक्त दमदमपाशी थांबतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अंगात शिरून फुलणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी येऊ लागली तेव्हा ब्रिटनच्या प्रतिनिधीचा युक्तिवाद असा होता की सुसंस्कृत सैनिक साध्या गोळीने थांबतो, ‘रानटी’ थांबत नाही. बंदी झाली, पण ती करारात सामील देशांच्या आपसांतल्या युद्धांपुरती. ज्यांच्या अंगावर ती गोळी चालवायची होती ते त्या खोलीतच नव्हते. माणुसकीच्या कायद्यात ‘माणूस’ कोण, हे ठरवताना यादीत आपले नाव बरेच उशिरा आले. म्हणून या कायद्याकडे पाश्चात्त्यांचे सोवळे म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडे अनेक भेटतात. त्यांचा राग मला समजतो. निष्कर्ष पटत नाही.

आता १९७१. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केले. राजारबागची पोलीस लाइन, पिलखान्यातले ईस्ट पाकिस्तान रायफल्सचे ठाणे, विद्यापीठातले जगन्नाथ हॉल. या यादीतही भेद दिसतो का पाहा. पहिल्या दोन ठिकाणी हत्यारी शिपाई होते. तिसरे विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. तिथून ३ डिसेंबरपर्यंत, म्हणजे भारत-पाकिस्तान युद्ध उघडपणे पेटेपर्यंत, हा एका देशातला अंतर्गत संघर्ष मानला गेला. अशा संघर्षाला चारही जिनीव्हा करारांतले एकच कलम उघडपणे लागू होते, सामाईक तिसरे. ते खून, छळ, ओलीस धरणे आणि खटल्याविना फाशी यांना मनाई करते, पण लढाऊ म्हणून कोणालाच मान्यता देत नाही. त्यामुळे पाकिस्तानच्या हाती सापडलेला मुक्तिवाहिनीचा पोरगा बंडखोर ठरत होता, आणि डिसेंबरात भारताच्या हाती सापडलेला पाकिस्तानी शिपाई संपूर्ण मानाचा युद्धकैदी.

याहून अवघड गाठ पुढे आहे. चौथा जिनीव्हा करार मुलकी लोकांच्या रक्षणासाठी आहे, पण त्याचे पूर्ण संरक्षण ‘परक्या’ सत्तेच्या हाती सापडलेल्यांना मिळते. पूर्व बंगालचे लोक १९७१ मध्ये कायद्याने पाकिस्तानचेच नागरिक होते! आपल्याच सरकारने मारलेला माणूस या कराराच्या ‘गंभीर उल्लंघना’त बसत नव्हता. अंतर्गत संघर्षातल्या अत्याचारांनाही युद्धगुन्हा म्हणता येते, हे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने स्पष्टपणे म्हणायला १९९५ उजाडावे लागले. ते युगोस्लावियाच्या संदर्भात, तादिच खटल्यात. म्हणून बांगलादेशाने जुलै १९७३ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि त्यात वंशसंहार व मानवतेविरुद्धचे गुन्हे हे दोन मोठे दरवाजे उघडले. हा कायदा रागाच्या भरात केलेला नव्हता. जिनीव्हाच्या कागदांत पडलेले भोक बुजवायची ती धडपड होती.

आत काय चालले आहे हे जगाला कसे कळले, त्यात एक धागा आपल्या मातीचा आहे. अँथनी मस्कारेन्हस हा गोव्याच्या कुटुंबातला, बेळगावात जन्मलेला पत्रकार कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये काम करत होता. एप्रिल १९७१ मध्ये सैन्याने आठ पत्रकारांना पूर्वेकडे नेले; सारे कसे आलबेल आहे ते त्यांनी लिहावे, ही अपेक्षा. इतरांनी तसे लिहिले. मस्कारेन्हस लंडनला गेला, ‘संडे टाइम्स’च्या संपादकांना भेटला, परत कराचीत आला, बायकामुले देशाबाहेर पडतील याची व्यवस्था केली आणि मग स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने निसटला. १३ जूनला त्याचा वृत्तान्त छापून आला, मथळा एका शब्दाचा: ‘जेनोसाइड’. मला त्यातली एक बाजू या पुस्तकाच्या दृष्टीने मोलाची वाटते. तो कुमिल्ल्याला अधिकाऱ्यांच्या सोबत जेवत-खात होता, आणि ते अधिकारी त्याच्यापुढे मारण्याजाळण्याच्या मोहिमांविषयी कचेरीतल्या कामासारखे बोलत होते. पुढे कधी खटले उभे राहिले असते तर असा साक्षीदार सोन्याच्या मोलाचा ठरला असता. कोण, कुठे, कोणाच्या हुकमाने.

नावे नोंदली गेली नाहीत की आकड्यांचे काय होते, तेही १९७१ मध्येच दिसते. मृतांची संख्या बांगलादेश ३० लाख सांगतो. पाकिस्तानच्या हमूदुर रहमान चौकशी आयोगाने सैन्याने दिलेला सुमारे २६ हजारांचा आकडा धरला. एक आकडा दुसऱ्याच्या शंभरपटीहून मोठा. मधले अनेक अंदाज आहेत आणि प्रत्येकाला आपले राजकारण चिकटलेले आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या बायकांना बांगलादेश सरकारने ‘बीरांगना’ म्हटले. पदवी मिळाली, साक्षीचा पिंजरा मिळाला नाही. १९४९ च्या करारातही बलात्काराची गणना स्त्रीच्या अब्रूवरचा घाला अशी होती. त्याला वंशसंहाराचे हत्यार म्हणून पहिल्यांदा ओळखले गेले ते १९९८ मध्ये, रुवांडाच्या अकायेसू खटल्यात. त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेतल्या, भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या.

आता १९५ कडे. नियाझी आणि वरिष्ठ अधिकारी जबलपूरला होते, बाकीचे देशभरातल्या छावण्यांत. ९३ हजारांत सगळे सैनिक नव्हते. निमलष्करी, पोलीस, मुलकी कर्मचारी आणि काही कुटुंबेही होती, हे आपण विसरतो. तिसऱ्या कराराचे ११८ वे कलम सांगते की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब परत पाठवावे. लढाई डिसेंबर १९७१ मध्ये थांबली. कैदी मोठ्या संख्येने परत जाऊ लागले सप्टेंबर १९७३ नंतर. भारताचे म्हणणे असे की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली, तेव्हा बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाही. आणि पाकिस्तान तर बांगलादेशाला मान्यताच देत नव्हता. युक्तिवाद चतुर होता. पण कलमाचे शब्द माझ्यासमोर ठेवले तर मी पाकिस्तानच्या बाजूने निकाल देईन, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्यावर खटला सुरू आहे अशांना थांबवून ठेवायची मुभा कायद्यात आहे. ती १९५ जणांना पुरली असती, ९३ हजारांना नाही. कैदी वाटाघाटीतली हुकमाची पाने झाले होते.

मे १९७३ मध्ये पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. वंशसंहाराच्या आरोपाखाली या १९५ जणांवर खटला चालवायचा अधिकार फक्त आमचा, भारताने त्यांना बांगलादेशाच्या हवाली करू नये, असा दावा. भारताने न्यायालयाचा अधिकारच नाकारला. ऑगस्टमध्ये दिल्लीत करार झाला, डिसेंबरात पाकिस्तानने दावा मागे घेतला आणि न्यायालयाच्या यादीतून प्रकरण उतरले. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत स्वर्णसिंग, बांगलादेशचे कमाल हुसेन आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद यांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. बांगलादेशाने ‘क्षमा’ म्हणून खटले सोडून दिले. पाकिस्तानने, काही गुन्हे घडले असतील तर त्यांचा निषेध आणि खेद नोंदवला. त्या ‘असतील तर’वर लेखिकेने तीन पाने लिहिली आहेत आणि ती पुस्तकातली सर्वोत्तम तीन पाने आहेत.

इथे मात्र आमचा मतभेद आहे. त्यांच्या मते तो उघड सौदा होता. सौदा होताच. पण ढाक्याच्या बाजूने पाहा. लाखाहून अधिक बंगाली पाकिस्तानात अडकलेले, त्यांतल्या दोनशेहून अधिक जणांवर उलट खटले भरायची पाकिस्तानच्या भुट्टोंची धमकी, ऑगस्ट १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशाची संयुक्त राष्ट्रांतली वाट अडवलेली, देश भुकेकंगाल. जिवंत माणसे परत आणायची की मेलेल्यांचा जाब मागायचा, असा पेच असताना पंतप्रधान मुजीबांनी जिवंतांची बाजू घेतली. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. दोष द्यायचाच तर तो अशा पेचात एकट्या गरीब देशाला सोडणाऱ्या जगाला. भारताला काही करता आले असते का? आपल्याकडे १९६० चा जिनीव्हा करार अधिनियम आहे. गंभीर उल्लंघन कोणीही, कुठेही केले तरी भारतीय न्यायालयात खटला चालू शकतो असे तो म्हणतो, फक्त तक्रार सरकारने करायची. ३ डिसेंबरनंतरच्या कृत्यांपुरते हे हत्यार हाताशी होते. ते कपाटातच राहिले.

आणखी एक गोष्ट १९५ च्या यादीविषयी. यादी पकडलेल्यांची होती. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात हुकूम चालला तो टिक्का खान यांचा. ते शरणागतीच्या आधीच पश्चिमेला गेले होते आणि १९७२ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख झाले. वरिष्ठाने हाताखालच्यांचे गुन्हे ठाऊक असून, किंवा ठाऊक असायला हवेत अशा स्थितीत, रोखले नाहीत वा शिक्षा केली नाही तर तो स्वतः दोषी, हे तत्त्व नवे नव्हते. मनिलातल्या कत्तलींसाठी जपानी जनरल यामाशिता यांना १९४६ मध्ये फाशी झाली होती. ‘त्यांना ठाऊक होते हे कुठे सिद्ध केले?’ असे म्हणत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या मर्फी आणि रटलेज या न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले, तेही वाचण्यासारखे आहे. पाकिस्तानात सरन्यायाधीश हमूदुर रहमान यांच्या आयोगाने, आणि ते स्वतः बंगाली होते, वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर खटले भरण्याची शिफारस केली. अहवाल दडपला गेला. २००० साली एका भारतीय साप्ताहिकाने त्यातला भाग छापला तेव्हा कुठे पाकिस्तानने तो उघडा केला. नियाझींनी १९९८ मध्ये पुस्तक लिहून दोष इतरांच्या पदरात टाकला आणि २००४ मध्ये ते लाहोरात वारले. जाब कोणी विचारला नाही.

नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा, झोपलेल्यांना रात्री मारणारा. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत अजून भटकतो अशी त्या मुलखाची समजूत. मला ती शिक्षा नेहमीच जगातली सर्वात कायदेशीर शिक्षा वाटत आली आहे. त्याला मारले नाही. त्याचे नाव मात्र त्याच्या कृत्यापासून कोणी वेगळे होऊ दिले नाही.

कायदा एका बाजूचा नसतो, हे सांगायला लेखिका कचरलेल्या नाहीत. १८ डिसेंबरला ढाक्याच्या मैदानावर, भर गर्दीत, मुक्तिवाहिनीच्या माणसांनी बांधलेल्या बंद्यांना संगिनींनी भोसकून मारले. होर्स्ट फास आणि मिशेल लोराँ यांच्या त्या छायाचित्रांना १९७२ चे पुलित्झर मिळाले. मारले गेलेले रझाकार, म्हणजे पाकिस्तानी सैन्याचे स्थानिक साथीदार होते, असे म्हटले गेले. असतीलही. बांधलेला माणूस तरीही बांधलेलाच असतो. शरणागतीच्या कागदातला अल्पसंख्य जमातींना दिलेला शब्द उर्दूभाषक बिहारींच्या वस्त्यांत पुरता पाळला गेला नाही. १९७३ मध्ये बांगलादेशाने मुक्तिलढ्यातल्या कृत्यांना कायद्याने अभय दिले. एका यादीतल्यांवर खटले भरायचे आणि दुसरी यादी करायचीच नाही, हे त्याच वर्षी शेजारी शेजारी घडत होते.

मग २०१०. पस्तीस-चाळीस वर्षांनी १९७३ चाच कायदा जागा झाला आणि ढाक्यात न्यायाधिकरण बसले. पिंजऱ्यात आले ते स्थानिक साथीदार. १९५ पैकी कोणी नाही. अब्दुल कादर मुल्ला यांना फेब्रुवारी २०१३ मध्ये जन्मठेप झाली, शाहबाग चौकात फाशीची मागणी करत लोटलेल्या गर्दीनंतर सरकारने कायदा बदलला, शिक्षा वाढवून मागितली आणि १२ डिसेंबरला फाशी झाली. निकालानंतर कायदा बदलून दिलेली फाशी मला पटत नाही, मग समोर कोणीही असो. उशिरा आलेला जाब असा धापा टाकत येतो. साक्षीदार गेलेले असतात आणि सूड खुर्ची ओढून शेजारी बसतो. ते न्यायाधिकरण उभारणाऱ्या शेख हसीना यांनाच नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने, २०२४ च्या आंदोलनातल्या हत्यांबद्दल, त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण कैद्यांच्या नोंदींवर आहे. संपादकांना ते रूक्ष वाटले होते. वगळू नका असा आग्रह मी धरला. पकडलेल्या सैनिकाने शत्रूला सांगायचे ते नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच. पकडणाऱ्याने मात्र ती माहिती रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला कळवायची, त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असावेत, अशी भारत सरकारची यादी आहे. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे नाव आहे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनपटू, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, हाती काही लागले नाही. युद्धाच्या दिवसांत पूर्वेकडच्या एका पाकिस्तानी वर्तमानपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे दिली होती आणि त्यांत ‘टॉम्बे’ असे एक आडनाव होते, असे कुटुंबाचे म्हणणे. असा कोणी कैदी आमच्याकडे नाही, असे पाकिस्तान सांगत आले आहे.